कंदीलवाल्या गार्डच्या मागावर : विल्मिंग्टन ते मूनव्हिल

अमेरिकेतील वाफेच्या इंजिनांच्या काळातल्या भुताच्या गोष्टी एकामागून एक वाचत गेले की एक बाब ठळकपणे नजरेत भरते. या गोष्टींतले भूत बहुधा रेल्वेचाच माणूस असतो आणि त्याच्या हातात कंदील असतो. तो कोणाला झपाटत नाही, कोणाच्या मानगुटीवर बसत नाही. रुळांवर उभा राहून तो येणाऱ्या गाडीला थांबण्याची खूण करत राहतो. या कथा कुठून आल्या, त्या जागा आज कशा दिसतात आणि कथेमागे खरोखर काय घडले होते, हे पाहण्याची इच्छा मला बरीच वर्षे होती. ऑक्टोबरमध्ये भुसावळचे काका आमच्याकडे नॉर्थ कॅरोलायनातील कॅरी येथे राहायला आले, तेव्हा हा योग जुळून आला. काका मध्य रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले आणि त्यांच्या नोकरीची सुरुवातीची वर्षे वाफेच्या इंजिनांमागेच गेली. मृत गार्डच्या कथा जिवंत गार्डला सोबत घेऊन पाहाव्यात, एवढाच माझा विचार होता.

गुरुवार : विल्मिंग्टन आणि माको

सकाळी निघून दुपारच्या आत आम्ही विल्मिंग्टनला पोहोचलो. आज हे शहर समुद्रकिनाऱ्यासाठी ओळखले जाते, परंतु १८४० साली येथून वेल्डनपर्यंत टाकलेला सुमारे २६० किलोमीटरचा लोहमार्ग त्या वेळी जगातील सर्वांत लांब मानला जात होता. पुढे याच शहरात अटलांटिक कोस्ट लाइन या मोठ्या रेल्वे कंपनीचे मुख्यालय होते. ते १९६० मध्ये फ्लोरिडातील जॅक्सनव्हिलला हलले. येथील रेल्वे संग्रहालयात त्या कंपनीचे २५० क्रमांकाचे वाफेचे इंजिन उभे आहे. १९१० साली बाल्डविन कारखान्यात बनलेले हे इंजिन पाहताच काका त्याच्याभोवती एक फेरी मारून आले, चाकांना जोडणाऱ्या दांड्यांवरून त्यांनी हात फिरवला आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

माको ही वस्ती विल्मिंग्टनच्या पश्चिमेला साधारण वीस किलोमीटरवर, ब्रन्स्विक काउंटीत आहे. तिथली कथा अमेरिकेच्या दक्षिण भागात सर्वतोमुखी आहे. जो बाल्डविन नावाचा गार्ड १८६७ साली एका रात्री गाडीच्या शेवटच्या डब्यात होता. तो डबा गाडीपासून सुटला आणि वेग मंदावत रुळांवर थांबला. मागून दुसरी गाडी येत होती. बाल्डविन डब्याच्या मागच्या टोकाला उभा राहून जिवाच्या आकांताने कंदील हलवत राहिला, पण मागच्या ड्रायव्हरला गाडी आवरता आली नाही आणि टकरीत बाल्डविनचे शिर धडावेगळे झाले. तेव्हापासून त्या जागी रुळांपासून हात-दोन हात उंचीवर एक दिवा दिसू लागला. तो लुकलुकत जवळ येई, झोके घेई, क्षणभर थबके आणि विझून जाई. बाल्डविन आपले शिर शोधत फिरतो, असे लोक सांगत.

या दिव्याचा परिणाम केवळ गप्पांपुरता राहिला नाही. हा प्रकाश खऱ्या कंदिलाचा आहे असे समजून ड्रायव्हर गाडी थांबवू लागले, म्हणून माको परिसरात खूण करणाऱ्या माणसांनी एक लाल आणि एक हिरवा असे दोन कंदील वापरायचे, अशी प्रथा पडल्याचे सांगितले जाते. १८८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांची गाडी येथे थांबली असता त्यांनी एका माणसाच्या हाती दोन कंदील पाहून कारण विचारले आणि त्यांना बाल्डविनची हकीकत ऐकवण्यात आली, अशीही आख्यायिका आहे.

आता नोंदी काय सांगतात ते पाहू. १८६७ मध्ये असा अपघात होऊन जो बाल्डविन नावाचा गार्ड मरण पावल्याची नोंद मिळत नाही. मात्र जानेवारी १८५६ मध्ये विल्मिंग्टन अँड मँचेस्टर रेल्वेवर चार्ल्स बाल्डविन नावाचा गार्ड अपघातात जखमी होऊन काही दिवसांनी मरण पावला, हे त्या काळच्या वृत्तपत्रांत छापून आले होते. रात्रीच्या टपालगाडीच्या इंजिनाचा पंप नीट चालत नव्हता, म्हणून ड्रायव्हरने गाडी रुळांवर उभी ठेवून एकटे इंजिन पुढे नेले. त्या काळी बॉयलरला पाणी देणारा पंप इंजिनाच्या चालीवरच चाले, हे लक्षात घेतले की या कृतीचा अर्थ लागतो. परतताना ते इंजिन आपल्याच गाडीवर वेगाने आदळले. गाडीवर कोणताही दिवा दाखवलेला नव्हता, असे ड्रायव्हरने चौकशीत सांगितले.

म्हणजे कागदोपत्री बाल्डविन हा दिवा न दाखवणारा गार्ड आहे आणि लोककथेत तो शेवटच्या श्वासापर्यंत दिवा दाखवणारा गार्ड आहे. ही उलथापालथ मला या संपूर्ण प्रवासातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. मी काकांना सगळी हकीकत सांगितली, तेव्हा त्यांनी आधी नियमाचीच बाजू घेतली. “इंजिन पुढे गेले म्हणजे उभ्या गाडीच्या तोंडाशी दिवा हवाच. अंधारात परत येणाऱ्या ड्रायव्हरला आपली गाडी कुठे उभी आहे हे दुसरे कसे कळणार?” मग थोडे थांबून ते म्हणाले, “पण गाडी आपण कुठे सोडली हे ड्रायव्हरलाही ठाऊक होते ना? त्याने वेग का आवरला नाही? हे बघ बाळा, चौकशीत जो जिवंत असतो त्याचाच जबाब लिहिला जातो.”

आपल्याकडचा नियम त्यांना आजही तोंडपाठ आहे. गाडी मध्येच अडली की गार्डने मागे चालत जायचे, ६०० मीटरवर रुळावर एक फटाका बांधायचा आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. हे फटाके म्हणजे चाकाखाली मोठा आवाज करणारे चपटे डबे. धुके असो वा पाऊस, ड्रायव्हरला धोका कळतोच. पावसाळी रात्री, दोन्ही बाजूंना जंगल असताना हातात बत्ती घेऊन एकट्याने एवढे अंतर चालण्याचा प्रसंग काकांवर अनेकदा आला होता. ते हे सांगत असताना आम्ही माकोच्या पाइन वृक्षांच्या कडेला उभे होतो. येथील रूळ १९७७ मध्ये उखडले गेले आणि त्यानंतर दिवा दिसेनासा झाला, असे बहुतेक जण सांगतात. जवळच्या महामार्गावरील मोटारींचे दिवे झाडांच्या फटींतून लांबवर दिसत असावेत, हे एक स्पष्टीकरण बऱ्याच काळापासून दिले जाते. परंतु दिवा मोटारी येण्यापूर्वीपासून दिसत होता, असे कथा सांगणारे आग्रहाने म्हणतात. आम्ही अंधार पडेपर्यंत थांबलो. महामार्गावरून गाड्यांचा अखंड आवाज येत होता आणि डास फार होते. दिवा दिसला नाही, तशी अपेक्षाही नव्हती.

शुक्रवार : स्पेन्सर आणि स्टेट्सव्हिल

दिवसाचा पहिला भाग गाडी चालवण्यातच गेला. दुपारी सॉल्सबरीजवळच्या स्पेन्सर येथे थांबलो. सदर्न रेल्वेने १८९६ मध्ये येथे इंजिन दुरुस्तीचा मोठा कारखाना उभारला आणि त्याला कंपनीचे पहिले अध्यक्ष सॅम्युएल स्पेन्सर यांचे नाव दिले. हेच स्पेन्सर १९०६ साली आपल्याच रेल्वेवर दोन गाड्यांच्या टकरीत मरण पावले. अपघातांनी अध्यक्षालाही सोडले नाही, तेथे गार्ड आणि खलाशांची काय कथा! आता येथे राज्याचे वाहतूक संग्रहालय असून १९२४ मध्ये बांधलेली ३७ इंजिने मावतील अशी अर्धवर्तुळाकार शेड अजून शाबूत आहे.

या शेडमध्ये एका निवृत्त स्वयंसेवकाने आम्हाला जुने कपलिंग दाखवले. दोन डब्यांच्या मध्ये एक लोखंडी कडी आणि वरून टाकायचा जाड खिळा, एवढीच ती रचना. डबे एकमेकांकडे सरकत असताना माणसाने मध्ये उभे राहून हाताने कडी धरायची आणि नेमक्या क्षणी खिळा खाली सोडायचा. क्षण चुकला की बोटे जात, कधी हात जाई, कधी छातीच चिरडे. ब्रेकही हातानेच लावावे लागत आणि त्यासाठी धावत्या मालगाडीच्या टपांवरून, बर्फ पडत असतानासुद्धा, एका डब्यावरून दुसऱ्या डब्यावर जावे लागे. वेस्टिंगहाउस यांनी हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचे पेटंट १८६९ मध्ये घेतले होते आणि जेनी यांच्या स्वयंचलित कपलिंगचे पेटंट १८७३ चे होते. तरी ही साधने सक्तीची करणारा कायदा होण्यास १८९३ साल उजाडावे लागले. मधल्या वीस वर्षांत जे मेले, त्यांच्यासाठी उपाय उपलब्ध होता आणि कंपन्यांना त्यावर खर्च करायचा नव्हता. भुतांच्या कथांचे बहुतेक पीक याच काळातले आहे, आणि तो योगायोग आहे असे मला वाटत नाही.

स्वयंसेवकाने काकांच्या हाती एक कंदील दिला आणि इथल्या खुणा करून दाखवल्या. रुळांना आडवा हलवला की थांबा, वर-खाली केला की चला. काकांनी तसे करून पाहिले आणि कंदील परत देताना त्याची काच खिशातल्या रुमालाने पुसून दिली.

सॉल्सबरीहून ॲशव्हिलकडे निघालेली एक रात्रगाडी २७ ऑगस्ट १८९१ रोजी पहाटे तीनच्या सुमारास स्टेट्सव्हिलच्या पुढे बॉस्टियन पुलावरून खाली कोसळली. दगडी कमानींचा हा पूल थर्ड क्रीक नावाच्या ओढ्यावर आहे. गाडी सुमारे १८ मीटर खाली गेली आणि वीसहून अधिक माणसे दगावली. रूळ कोणीतरी मुद्दाम सैल केले असावेत, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. मृतांमध्ये सामानाच्या डब्याचा एक कर्मचारी होता. पुढल्या वर्षी त्याच तारखेला पहाटे पुलाजवळ रेल्वेच्या गणवेशातला एक माणूस दिसला, त्याने अदबीने अचूक वेळ विचारली, हातातले सोन्याचे घड्याळ लावले आणि तो नाहीसा झाला, अशी कथा आहे. अपघाताला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १९४१ मध्ये, टायर पंक्चर झाल्याने रस्त्याकडेला थांबलेल्या एका बाईने संपूर्ण गाडी पुलावरून कोसळताना पाहिली, असेही सांगतात.

घड्याळाची ही गोष्ट मला सुरुवातीला सजावटीचा तपशील वाटली होती. त्या काळाची माहिती जोडून पाहिली, तेव्हा तिचे वजन कळले. अमेरिकेत रेल्वे कंपन्यांनी प्रमाणवेळ स्वीकारली ती नोव्हेंबर १८८३ मध्ये. एकेरी मार्गावर समोरून येणारी गाडी कोणत्या स्थानकावर ओलांडायची, हे वेळापत्रक आणि खिशातले घड्याळ यांच्या भरवशावर ठरे. बॉस्टियन पुलाच्या अपघातापूर्वी चारच महिने, एप्रिल १८९१ मध्ये, ओहायोतील किप्टन येथे दोन गाड्या समोरासमोर आदळल्या. एका ड्रायव्हरचे घड्याळ चार मिनिटे बंद पडून पुन्हा चालू झाले होते, असे सांगितले गेले. त्यानंतर वेब बॉल नावाच्या घड्याळजीवर रेल्वेच्या घड्याळांची तपासणी लावून देण्याचे काम सोपवले गेले. अशा वर्षी मेलेल्या रेल्वे कर्मचाऱ्याचे भूत अचूक वेळ विचारणार, हे अगदी साहजिक आहे. काकांना यात काही नवल वाटले नाही. ड्युटीवर जाताना घड्याळ जुळवून वहीत सही करावी लागे, हे त्यांनी सांगितले.

पुलावर आजही मालगाड्या धावतात, त्यामुळे तो रस्त्यावरूनच पाहावा. २०१० साली २७ ऑगस्टच्याच पहाटे भुताची गाडी पाहण्यासाठी काही जण पुलावर गेले असता खरीखुरी गाडी आली आणि एका तरुणाचा जीव गेला. आम्ही संध्याकाळच्या उजेडात खालच्या बाजूने कमानी पाहिल्या. झाडांची पाने पिवळी पडली होती, ओढ्याला पाणी जेमतेम होते, आणि एवढ्याशा ओढ्यावर एवढा उंच पूल का बांधला असेल, याचे उत्तर दरीचे दोन्ही काठ पाहिल्यावर मिळाले.

शनिवार : टॅल्कॉट

उत्तरेकडे जाताना महामार्ग डोंगरांच्या पोटातून दोन लांब बोगद्यांत शिरतो आणि मग वेस्ट व्हर्जिनिया सुरू होते. मोटारीच्या वेगात बोगदा संपायला मिनिट-दीड मिनिट लागते. आम्ही ज्या बोगद्याकडे चाललो होतो, तो खोदायला दोन वर्षांहून अधिक काळ लागला होता.

ग्रीनब्रायर नदी टॅल्कॉटजवळ एका डोंगराला मोठा वळसा घालते. नदीकाठाने रूळ टाकले असते तर फार लांबचा फेरा पडला असता, म्हणून चेसापीक अँड ओहायो रेल्वेने १८७० मध्ये डोंगर फोडण्यास सुरुवात केली. बिग बेंड हा बोगदा सुमारे दोन किलोमीटर लांब आहे. मजुरांमध्ये बहुसंख्य कृष्णवर्णीय होते, गुलामगिरीतून नुकतेच मुक्त झालेले. एक जण पोलादी छिन्नी धरून प्रत्येक घावानंतर ती थोडी फिरवी, दुसरा तिच्यावर घण घाली, आणि असे पडलेले भोक पुरेसे खोल झाले की त्यात सुरुंगाची दारू ठासत. येथला तांबडा खडक हवा लागली की भुसभुशीत होतो आणि छतातून सुटतो. किती माणसे दरडीखाली, किती सुरुंगात आणि किती दगडाच्या धुळीने गेली, याची नोंद कंत्राटदाराने ठेवलेली सापडत नाही.

अमेरिकी लोकगीतांतला घण घालणारा मजूर जॉन हेन्री याच बोगद्यातला मानला जातो. वाफेवर चालणारे छिद्र पाडण्याचे यंत्र आणले गेले तेव्हा त्याने दोन हातांतल्या घणांनी त्या यंत्राशी पैज लावली, जिंकली, आणि घण हातात असतानाच तो कोसळला. १९२० च्या दशकात गाय जॉन्सन आणि लुई चॅपेल या दोन अभ्यासकांनी स्वतंत्रपणे या भागात येऊन म्हाताऱ्या मजुरांच्या आठवणी टिपून घेतल्या. ही पैज व्हर्जिनियातील लुइस बोगद्यात झाली, असे अलीकडे एका इतिहासकाराने मांडले आहे आणि अलाबामाचाही दावा आहे. टॅल्कॉटच्या लोकांना मात्र शंका नाही. बोगदा पूर्ण झाल्यावरही आतून घणांचे आवाज येत, आत धूर आणि धुके साचले की कोणी घण उगारलेला दिसे, आणि त्यामुळे दुरुस्तीच्या टोळ्या आत जायला नाखूश असत, असे येथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. छतातून सुटणारे दगड पाहता आवाज येत असतील यात नवल नाही. त्या आवाजाला लोकांनी एका माणसाचे नाव दिले, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

१९७२ मध्ये उभारलेला जॉन हेन्रीचा पुतळा आता बोगद्याच्या तोंडाजवळच्या उद्यानात आहे. जुना बोगदा १९७० च्या दशकात बंद झाला. त्याला समांतर असलेल्या १९३२ च्या बोगद्यातून आजही गाड्या जातात. जुन्याच्या तोंडातून थंडगार हवा बाहेर येत होती आणि आत पाणी ठिबकत होते. आम्ही आत गेलो नाही.

येथे बोरघाटाची आठवण येणे अपरिहार्य होते. १८५६ ते १८६३ या काळात खंडाळ्याचा तो घाट फोडताना कॉलऱ्याने, सुरुंगांनी आणि दरडींनी हजारो मजूर दगावले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल मरण पावल्यावर त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेलने, काम पुढे चालवले, हे आपल्याला ठाऊक असते. घण घालणाऱ्यांपैकी एकाचेही नाव मी आजवर ऐकलेले नाही. काकांनी तो घाट शेकडो वेळा चढला-उतरलेला आहे. त्यांनीही ऐकलेले नव्हते. पुतळ्यासमोर ते बराच वेळ टोपी काढून उभे राहिले.

रविवार : मूनव्हिल

ओहायोच्या आग्नेय भागातील व्हिंटन काउंटीत आज दाट जंगल आहे. एकोणिसाव्या शतकात येथे कोळशाच्या खाणी आणि लोखंडाच्या भट्ट्या होत्या, आणि त्यांच्यासाठी मारिएटा अँड सिनसिनाटी रेल्वेचा एकेरी मार्ग १८५० च्या दशकात या दरीतून गेला. मूनव्हिल हे त्यावरचे खाणकामगारांचे खेडे. भरभराटीतही तेथे शंभरेक माणसेच होती. खाणी संपल्या, खेडे उठले, नंतर गाड्या बंद झाल्या आणि रूळही गेले. उरला आहे तो विटांचा बोगदा. त्याच्या कमानीवर गावाचे नाव विटांतच उठावदार घडवलेले आहे, आणि गाव नसताना ते नाव वाचणे मनाला लागते.

येथला भूतही कंदीलवाला. मार्च १८५९ मध्ये जवळच एक ब्रेक्समन, म्हणजे डब्यांचे ब्रेक हाताने लावणारा कर्मचारी, गाडीखाली सापडून मेल्याची वृत्तपत्रात नोंद आहे. नोव्हेंबर १८८० मध्ये दोन मालगाड्या समोरासमोर आल्या, समोरच्या गाडीची सूचना वेळेत दिली गेली नाही, आणि थिओडोर लॉहेड हा ड्रायव्हर त्यात ठार झाला. १८९५ च्या फेब्रुवारीत चिलिकॉथीच्या वृत्तपत्राने बातमी दिली, की वर्षभर नाहीसे झालेले मूनव्हिलचे भूत परत आले असून पांढऱ्या पोशाखात, लांब पांढरी दाढी असलेले ते भूत कंदील घेऊन एका मालगाडीच्या पुढे उभे राहिले. त्याला ब्रेक्समन म्हणावे की ड्रायव्हर, यावर कथा सांगणाऱ्यांचे एकमत नाही. अनेक मृत्यू मिसळून एकच आकृती तयार झाली असावी, असे मला वाटते.

आता या मार्गावर पायवाट आहे. रॅकून ओढ्यावरचा पूल ओलांडून आम्ही बोगद्यातून चालत गेलो. काकांनी मध्यभागी थांबून दोन्ही टोकांकडे पाहिले. धूर भरलेल्या बोगद्यातून गाडी बाहेर पडते तेव्हा ड्रायव्हरचे डोळे चुरचुरत असतात आणि समोर काय आहे हे काही क्षण समजत नाही, असे ते म्हणाले. त्याच काही क्षणांत हे भूत दिसत असे. पुढे काही अंतरावर झाडीत जुनी दफनभूमी आहे. बरेच दगड झिजले आहेत. मी त्यांना विचारले, “काका, तुम्हाला रात्री गाडीच्या मागे चालताना कधी भीती वाटली?” ते म्हणाले, “भुताची नाही. मागची गाडी माझ्या आधी येईल का, याची वाटायची.”

ज्यांना ही ठिकाणे पाहायची असतील त्यांनी मूनव्हिल आणि टॅल्कॉटला अवश्य जावे; दोन्हीकडे चालणे सोपे आहे, मात्र मूनव्हिलच्या जंगलात मोबाइलचा सिग्नल भरवशाचा नाही, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्यावा. माकोला पाहण्यासारखे आता काही उरलेले नाही, तरी चार्ल्स बाल्डविनसाठी मी पुन्हा तेथे जाईन.